मोजून भाजलेल्या भाकऱ्या

समुद्र पाहावा असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आमच्या मोताळा तालुक्यातल्या माणसाचा प्रवास म्हणजे देवाला जाणं. तिथं भक्तनिवासात आधार कार्ड दाखवायचं, खोली घ्यायची, पंगतीला बसायचं, प्रसाद खायचा आणि परत यायचं. सत्तर वर्षांत मी देवाशिवाय दुसऱ्या कारणानं परगावी झोपले असेन तर लग्नाच्या मांडवात. तरी मी समुद्रावर गेले. मजेनं नाही गेले, रागानं गेले. राग माझ्या मुलावर होता.

गावात आम्ही दोघी जावा राहतो. मी थोरली, ती धाकटी. दोघींचे नवरे गेले. तिची एक मुलगी सासरी आहे, माझा मुलगा बुलढाण्याला नोकरीला आहे. धाकटीला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी, भात बंद, गोड बंद, आणि वेळेवर पोटात काहीतरी पडलंच पाहिजे. दिवाळीनंतर आम्ही आठ दिवस मुलाकडे राहायला गेलो होतो, तिथं एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, बाटली लावली, संध्याकाळी उठून बसली. पण मुलानं तेवढ्यावरून फर्मान काढलं.

"माय, आता गावात एकट्या राहणं बंद. दोघी इथंच या. घराले कुलूप लावू."

"ती तुह्या घरी पडली. गावात नाई पडली," मी म्हटलं.

"इथं पडली म्हणून दवाखाना जवळ होता. गावात कोणी नेलं असतं?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. त्याच्या दोन खोल्यांत आम्ही बाहेरच्या दिवाणावर झोपतो. टीव्ही बंद होईपर्यंत झोपता येत नाही, आणि मोरीत कोणती बादली कोणाची हे अजून मला कळलेलं नाही. माझ्या गावच्या घरात माझी बादली आहे.

हा वाद तीन-चार महिने चालला. मुलगा आणि सून त्याआधी सुट्टीत समुद्रावर जाऊन आले होते. एकदा त्याच्याकडे गेलो असताना बोलता बोलता तो म्हणाला, "एकट्या राहू शकतो म्हणता नं? चार रात्री परक्या गावी राहून दाखवा. आम्ही गेलो होतो तिथंच जा. सध्या परीक्षेचे दिवस आहेत, तिकडं ऑफ सीझन असते, स्वस्तात खोली भेटते. राहण्याखाण्याचं तुमचं तुम्ही पाहा. 'घ्याले ये' म्हणून फोन आला नाही, तं कुलपाची गोष्ट मी पुन्हा काढत नाही. फोन आला, की सामान बांधाचं."

सून पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "दोन दिवसांत येते फोन."

त्याला वाटलं मी गप्प बसेन. मी म्हटलं, "हाव. जातो."

धाकटी घाबरली. घरी आल्यावर मला म्हणाली, "बाई, काऊन बोलल्या तुमी असं? समुद्र कुठं, आपण कुठं." मी तिला म्हटलं, तुला कुलूप पाहिजे का समुद्र पाहिजे ते सांग. ती म्हणाली, "मले घर पाहिजे." मग ठरलं.

हरभरा काढून झाला होता. मी दोन दिवसांच्या दशम्या केल्या, ठेचा घेतला, धाकटीच्या गोळ्या घेतल्या. ती आपल्या कमरेच्या पिशवीत नेहमी गुळाचा खडा ठेवते, तोही घेतला. मलकापूरहून रेल्वे, कल्याणहून एस्टी, मग आणखी एक लहान एस्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गावात उतरलो. खोली आधी ठरवायची असते हे मला माहीत नव्हतं. भक्तनिवासात कोण आधी ठरवतं? देवाच्या दारी जायचं आणि रांगेत उभं राहायचं, एवढंच मी शिकलेली.

पहिल्या लॉजवर मोठ्या अक्षरात 'सी व्ह्यू' लिहिलं होतं. मुलानं त्याचा अर्थ निघायच्या आधी फोनवर सांगितला होता, खोलीतून समुद्र दिसतो. मी खोलीत गेले. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत आणि भिंतीवर वाळत घातलेली लुंगी दिसत होती.

"समुद्र कुठं आहे?" मी विचारलं.

"गच्चीवर जा आजी, पाण्याच्या टाकीजवळून मस्त दिसतो," मॅनेजर म्हणाला.

"मग टाकीजवळ झोपावं का?"

तो हसला आणि त्यानं भाव सांगितला. ऐकून धाकटी दाराकडे निघालीच. तो म्हणाला, हा अर्धाच आहे, ऑफ सीझनचा. म्हणजे सीझनमध्ये भिंत आणि लुंगी पाहायला माणसं याच्या दुप्पट देतात. मी म्हटलं, जेवणाचं काय? तर म्हणाला, आचारी गावी गेलाय, गिऱ्हाईक नाही म्हणून किचन बंद आहे, पण फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आहेत. खोलीचा अर्धा भाव आणि जेवणाच्या जागी पाणी.

दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसानं आमची आधार कार्डं उलटीपालटी केली आणि विचारलं, "सोबत पुरुष कोणी नाही?"

"आहेत की. दोघांचे फोटो घरी भिंतीवर आहेत. आणू का जाऊन?" मी म्हटलं.

तो म्हणाला, रागावू नका, एकट्या बायकांना आम्ही देत नाही, मालकांचा नियम आहे. आम्ही दोघी असून त्याला एकट्या दिसत होतो. मला अजून आठवलं की अंग तापतं. आमच्याहून कितीतरी लहान मुलं तिथं अर्ध्या चड्डीवर आत-बाहेर करत होती, त्यांना नियम नव्हता.

मग मी केलं ते कोणीही आमच्याकडचं माणूस करेल. मी देऊळ शोधलं. देऊळ चांगलं होतं, समुद्राजवळ, पुढे दीपमाळ. पुजाऱ्याला विचारलं, भक्तनिवास कुठे आहे. तो म्हणाला, भक्तनिवास नाही. मग येणारे लोक कुठे राहतात? तो म्हणाला, "हॉटेलात." मग प्रसाद? "प्रसाद आहे ना," म्हणून त्यानं हातावर चार साखरफुटाणे ठेवले. धाकटीचे दोन मी खाल्ले. एवढा मोठा देव, एवढं मोठं पटांगण, आणि लांबून आलेल्या बाईला टेकायला एक खोली नाही. मी त्या देवाला हात जोडले, पण मनापासून नाही.

पायरीवर एक बाई सुके वाल विकत होती. पन्नास-पंचावन्नची, काळी, उंच, नाकात चमकी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "माझ्याकडे पडवीला लागून खोली आहे. दोन खाटा, पंखा, मोरी बाहेर. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. बघायची तर चला."

भाव तिनं एकदाच सांगितला आणि तो लॉजच्या अर्ध्याहूनही कमी होता. खोली स्वच्छ होती. माड होते, विहीर होती. मला ती जागा आवडली आणि मी ते तिला सांगितलं नाही.

तिनं पुढं सांगितलं, "जेवण घरचं. भाकरी नाचणीची. पण एक आहे, जेवायचं वेळेआधी सांगायचं. किती भाकऱ्या, भात पाहिजे की नको, सगळं आधी. आता माणसं नाहीत, मी सामान तेवढंच आणते."

धाकटीचा चेहरा फुलला. नाचणी साखरेच्या माणसाला चालते, डॉक्टरनंच सांगितलं होतं. मी मात्र तिचं शेवटचं बोलणं कानाआड केलं. किती भाकऱ्या हे जेवणाऱ्याला कोण विचारतं? आमच्या घरी गडी जेवायला बसला तरी त्याच्या भाकऱ्या कोणी मोजत नाही. टोपलं मध्ये ठेवतात. पाहुणा असेल तर विचारूच नये. तो पुरे म्हणाला की एक वाढायची, नको नको म्हणाला की आणखी अर्धी वाढायची, ताटावर हात आडवा धरला की मग थांबायचं. पाहुण्यानंही पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. लहान पोरालाही हे माहीत असतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दशम्या खाल्ल्या. मुलाचा फोन आला. मी म्हटलं, खोली मिळाली, चांगली आहे, स्वस्त आहे. तो म्हणाला, "बरं." त्याचा आवाज थोडा पडलेला वाटला, म्हणून मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीण पडवीत आली. "किती भाकऱ्या भाजू?"

"तुमच्या मनानं भाजा," मी म्हटलं.

"माझ्या मनाने कशा? पोट तुमचं."

मला ते फार लागलं. मी म्हटलं, "एक-एक पुरे."

असं म्हणायचंच असतं. आता ती म्हणेल, अहो एकानं काय होतं, एवढ्या लांबून आलात. मी म्हणेन, म्हातारी माणसं आम्ही, किती खाणार. ती म्हणेल, दोन-दोन तरी भाजते. असं होतं. सगळीकडे असंच होतं.

ती म्हणाली, "बरं," आणि गेली.

दुपारी दोन ताटं आली. वालाचं बिरडं होतं, ओल्या नारळाचं. एका बाजूला कैरीची फोड आणि मध्ये एक भाकरी. मी खोटं बोलणार नाही, ते बिरडं मी आजवर खाल्लेल्या कोणत्याही उसळीपेक्षा चांगलं होतं. धाकटी माळकरी आहे, तिला वाटलं होतं इकडे मासळीशिवाय काही मिळणार नाही. ती बोटं चाटत होती. भाकरी संपली. आम्ही थांबलो. मालकीण आली, ताटाकडे पाहिलं. आता वाढते, मी म्हटलं मनात.

"झालं? उचलू?" ती म्हणाली.

आणि तिनं ताटं उचलली. उरलेलं बिरडं वाटीतच होतं, तेही गेलं. धाकटी त्या वाटीकडे पाहत राहिली.

"एकदा तरी विचाराचं नं तिनं, अजून पाहिजे का," ती हळूच म्हणाली.

"विचारणार कशाले? तिच्या जिवावर येते वाढाले. मोजून घातली, सुनंसारखी," मी म्हटलं.

सुनेचा उल्लेख झाल्यावर धाकटी गप्प झाली. मला वाटलं, राग आला म्हणून गप्प झाली.

संध्याकाळी पुन्हा तेच. मालकिणीनं विचारलं, मी पुन्हा एक-एक म्हटलं. आता ती रीत नव्हती, हट्ट होता. एकदा नाक वर करून सांगितलं, तर खाली कसं घ्यायचं? उरलेल्या दोन दशम्या आम्ही वाटून खाल्ल्या आणि त्या संपल्या. बाहेर समुद्र वाजत होता, सगळ्या अंगणात खोबऱ्याचा वास होता, आणि पलीकडे तिच्या चुलीवर भाकरीला पापुद्रा येताना मला दिसत होता. अर्ध्या पोटी माणसाला दुसऱ्याच्या चुलीकडे पाहायची किती लाज वाटते, हे मला मोठी झाल्यावर पहिल्यांदा कळलं.

आम्ही हॉटेल शोधायला गेलो नाही असं नाही. रस्त्यावर 'घरगुती जेवण' अशा सात पाट्या मोजल्या. चार बंद होत्या. पाचव्या ठिकाणी भात आणि फक्त भात. सहाव्या ठिकाणी पोरानं पाकीट फाडून गरम पाण्यात टाकलं आणि ते घरगुती म्हणून पुढं केलं. मी म्हटलं, कोणत्या घरात असं करतात? तो म्हणाला, "मावशी, ऑफ सीझन आहे." हे दोन शब्द त्या गावात सगळ्या पापांवर लावतात. सातव्या ठिकाणी कुत्रं झोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकीण विचारायला यायच्या आधी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, दोन सांगा नं आज. दोन-दोन."

"तोंडानं मागाच्या? भीक मागून राह्यलो का आपण?"

"पैसे देऊन राह्यलो नं आपण."

"पैसे देतो म्हणून तं तिनं वाढलं पाहिजे."

मालकीण आली, विचारलं, नाश्त्याला काय. मी म्हटलं, चहा पुरे. दुपारचं? एक-एक. मालकीण दोन क्षण माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. धाकटीनं बिनसाखरेचा चहा प्यायला आणि सवयीनं गोळी घेतली. मी पाहत होते आणि मला सुचलं नाही की गोळीमागे पोटात काही गेलं पाहिजे. हे लिहिताना मला मुलाचा राग येत नाही, मालकिणीचा येत नाही, त्या सकाळच्या माझ्या तोंडाचा येतो.

आम्ही समुद्रावर गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट होती, माणूस नव्हतं. धाकटी पाण्यात घोट्याएवढी गेली. लाट आली की ती लुगडं वर धरायची आणि हसायची. समुद्राचं तिला काय वाटलं विचारलं तर म्हणाली, "आपल्या नळगंगा धरणाचं पाणी उगाच इकडून तिकडं जात नाई. हे काऊन जाते?" मी म्हटलं, ऑफ सीझन आहे, त्याला काम नाही. तीन दिवसांत तेवढंच एकदा आम्ही मनापासून हसलो.

परत फिरताना तिला घाम आला. थंड वारा होता आणि तिच्या चोळीचा काठ भिजलेला होता. हात थरथरायला लागले. ती वाळूवर बसली आणि तिथून आडवी झाली. मी तिच्या कमरेची पिशवी उघडली. गुळाचा खडा नव्हता.

"गूळ कुठं हाय?"

"काल रात्री खाल्ला," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "भूक लागली होती."

मोबाइलमध्ये मुलाच्या पोरीनं तिच्या बापाचा फोटो लावून ठेवला आहे. फोटोवर बोट ठेवलं की फोन त्याला लागतो. मी ठेवलं. मला कुलूप आठवलं, घर आठवलं, तरी ठेवलं. धाकटी मरण्यापेक्षा दिवाणावर झोपणं बरं. फोन वाजायला लागला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यानं मालकीण टोपली घेऊन चालली होती. तिनं पाहिलं आणि टोपली तिथंच टाकून पळत आली. मी फोन कापला.

"साखरेची गोळी खाते का ही?" तिनं विचारलं.

"हाव. सकाळी घेतली."

"आणि खाल्लं काय?"

"चहा," मी म्हटलं. तिनं मला बाजूला केलं, रस्त्याकडेच्या टपरीवर हात हलवून ओरडली, आणि तिथून पोरानं आणलेला साखरपाण्याचा पेला धाकटीच्या तोंडाला लावला. घोट घोट गेला. आणखी एक पेला. थोड्या वेळानं धाकटीनं डोळे नीट उघडले आणि पदर सारखा केला. पदर सारखा केला म्हणजे ती ठीक आहे, हे मला माहीत आहे.

मग मालकीण माझ्याकडे वळली. "काय हो, तुम्हाला तोंड नाही? मी दोन दिवस विचारते, किती, किती. एक, एक. माझा नवरा साखरेनेच गेला. ही बाई आजारी आहे हे मला सांगायला काय झालं?"

"आमच्याकडं पाहुण्याले विचारत नाहीत. वाढतात," मी म्हटलं.

"आमच्याकडे विचारतात. उरलं की फेकावं लागतं, आणि नाचणी मी विकत आणत नाही, त्या वरच्या डोंगरात वाकून लावते. नको म्हणालात, मला वाटलं नको असेल. तुमच्या पोटातलं मी कसं ओळखणार? आणि पुरे म्हणणाऱ्याच्या ताटात जबरदस्तीने वाढायचं, ही कसली रीत?"

"ती माया असते."

"माया असती तर जावेसाठी मागितलं असतं."

मी आयुष्यात पुष्कळांशी भांडले आहे. सरपंचाशी भांडले, रेशनवाल्याशी भांडले. हिच्याशी भांडले नाही. हाताशी फोन वाजत होता. मुलगा होता.

"माय, फोन केला होता तू?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती बसली होती, पेला हातात होता. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"चुकून दाबल्या गेला," मी म्हटलं.

घरी आल्यावर मालकिणीनं पडवीत उभं राहून विचारलं, "आता सांगा. किती?"

हिशेबाच्या भाकऱ्या, आणि त्या स्वतःच्या तोंडानं मागायच्या. धाकटी मागून म्हणाली, "मले तीन पाहिजेत."

"आणि तुम्हाला?"

"तीन," मी म्हटलं.

सहा भाकऱ्या आल्या, पापुद्रा सुटलेल्या, वर ताक आणि वांग्याचं भरीत. माझ्यासाठी तिनं वेगळ्या वाटीत बांगड्याचं कालवण आणलं, ते मी न मागता आणलं होतं. मी म्हटलं, "हे विचारलं नव्हतं तुमी." ती म्हणाली, "हे माझ्या घरचं आहे, तुमच्या हिशेबातलं नाही." काट्यांशी मला अर्धा तास लागला आणि मी वाटी पुसून ठेवली. पुढच्या दिवशीही तीन-तीन सांगितल्या. चारही रात्री पूर्ण झाल्या. निघताना तिनं शेरभर नाचणी बांधून दिली. मी नको म्हटलं. तिनं पिशवी परत उचलली. मी घाईनं म्हटलं, "द्या, द्या." तेवढं मी तिथं शिकले, पण तिची रीत मला अजूनही पटलेली नाही. विचारून वाढणं म्हणजे दवाखान्यातलं जेवण.

आठ दिवसांनी मुलगा गावी आला. समोर बसला आणि म्हणाला, "जिंकल्या बा तुम्ही. मानलं."

मी त्याच्याशी खोटं बोलले होते आणि ते मला टोचत होतं. मी सांगून टाकलं. "तो फोन चुकून नव्हता लागला. काकू पडली होती तुही. म्या तुले बोलवाले लावला, मंग कापला."

त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे पुन्हा पडली. पाहा, मी काय म्हणत होतो? परक्या गावी कोणी बाई भेटली म्हणून..."

"उपाशी होती म्हणून पडली," मी म्हटलं.

"उपाशी काऊन राह्यली?"

"लाजनं," धाकटी म्हणाली. ती भिंतीला टेकून नाचणी निवडत होती. "तिथं बी लाजनं, तुह्या घरी बी लाजनं."

"माह्या घरी? आमच्या घरी काय कमी हाय काकू?"

"कमी नाई रे बाबा. सूनबाई दोन पोळ्या ठेवते ताटात. पातळ असतात. मले चार लागतात. ती विचारते, अजून पाहिजे का काकू? मी म्हणतो, नको. ती म्हणते, बरं. मंग मी पाणी पितो." ती निवडायचं थांबली नाही. "आठ दिवस पाणी प्यायली. मंग पडली."

आठ दिवस मी त्याच पंगतीला बसले होते, पोटभर जेवले होते. मी माझ्या मुलाकडे होते, मला चौथी पोळी मागता येत होती. तिला येत नव्हती, आणि मला दिसलं नव्हतं. मी बाहेर जाऊन उगाच कोंबड्यांना हाकललं.

आत आले तेव्हा तो म्हणाला, "मग इथं खाते का ती पोटभर?"

"इथं मी स्वतः घेतो टोपल्यातून," धाकटी म्हणाली. "इथलं टोपलं माह्यं हाय."

त्यानं मान खाली घातली. कुलपाची गोष्ट त्यानं काढली नाही, आणि आजवर काढलेली नाही. जाताना सुनेसाठी काही निरोप आहे का म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, "तिले काई म्हणू नको. तिनं विचारलं होतं."

पण तो जायच्या आधीचं सांगायचं राहिलं. मी चुलीशी बसले आणि त्याला विचारलं, "किती भाकऱ्या टाकू?"

"माय, मले विचारतं? पोराले?"

"हाव. सांग."

तो फुगला. "दोन," म्हणाला.

मी दोनच टाकल्या. त्यानं त्या ठेच्याशी खाल्ल्या आणि टोपल्याकडे पाहिलं. टोपलं रिकामं होतं.

"अजून एक हाय का?"

"आधी सांगाचं असते," धाकटी म्हणाली.

तवा उतरवलेला होता. मी शिव्या घालत परत चढवला आणि पीठ घेतलं.